आधी वास, मग पाना

मिस्त्रींना लग्नाचं आमंत्रण द्यायची सोय नव्हती. अक्षता पडेपर्यंत सगळं ठीक असायचं. अत्तरदाणी फिरायला लागली की हा उंचापुरा माणूस दोन्ही हात पाठीमागं लपवून मांडवातून सटकायचा. यजमान मागं धावायचे, "मिस्त्री, अहो जेवून तरी जा!" आणि मिस्त्री रस्त्यावरून ओरडायचे, "आशीर्वाद हाय, पोटभर हाय! फकस्त ते बोट लावू नका!" एकदा एका हौशी वरबापानं धरून त्यांच्या मनगटाला अत्तर फासलंच. मिस्त्रींनी मनगटाला राख लावली, माती लावली, शेवटी रॉकेल लावलं, आणि तरी दोन दिवस शेड बंद ठेवली. गिऱ्हाईक आलं की आतूनच सांगायचे, "नाक बिगडलंय. परवा या."

हसू नका. त्या नाकावर परभणीच्या निम्म्या मोटारी चालत होत्या.

शेड जिंतूर रोडला, एका लिंबाखाली. चार बल्ल्या, वर पत्रे, आणि मागं त्यांची राहायची खोली. मिस्त्री मूळचे पालमकडचे धनगर. बापजाद्यांनी मेंढरं राखली, यांनी मोटारी राखल्या, पण बोलणं मेंढरांचंच राहिलं. लॉरी आली की "ही लंगडायलीय" म्हणायचे, जीप तापली की "हिला पानी दावा आधी." खांद्यावर काळं घोंगडं, भर मे महिन्यातसुद्धा. मी म्हणायचो, "मिस्त्री, परभणीचं ऊन आणि वर घोंगडं?" तर म्हणायचे, "अंगावर कुठं हाय? खांद्यावर हाय." त्या घोंगड्याचा उपयोग मला पुढं कळला. एका गाडीचा वास घेऊन झाला की दुसरीकडं वळण्याआधी ते घोंगड्यात तोंड खुपसायचे आणि दोन लांब श्वास घ्यायचे. पोरं पाटी पुसतात तसं.

गाडी आली की बानेट उघडायचं नाही, हा त्यांचा पहिला कायदा. हात मागं बांधून, डोळे मिटून गाडीभोवती एक फेरी. मग पुढच्या चाकाजवळ उकिडवं बसायचं. ड्रायव्हर लक्षणं सांगायला लागला तर, "तू गप रे. तिला बोलू दे." विडी ओढणारा वीस पावलं लांब. कानात अत्तराचा फाया घातलेला एक बडा अंमलदार आला, तर त्यालाही म्हणाले, "साहेब, तुमी तेवढं रस्त्याच्या पल्याड उभं ऱ्हावा." आणि अंमलदार राहिला की हो उभा! करतो काय, गाडी त्याची अडलेली. कुणी घाई केली की एकच वाक्य ठरलेलं होतं, "आधी वास, मग पाना." ते इतक्यांदा ऐकलंय की अजून माझ्या कानात आहे.

मी त्या वेळी नुकता कुठं हातपाय पसरू लागलेला वकील होतो. निजामाच्या अमलात उर्दूत शिकलेली वकिली नव्या राज्यात इंग्रजीत आणि मराठीत करायची, म्हणजे उजव्या हातानं जेवणाऱ्याला डाव्यानं जेवायला बसवायचं. त्यामुळं मी सदा वैतागलेला असे. तो वैताग लोकांना वकिली दरारा वाटायचा, हे माझं नशीब. असो.

मिस्त्रींना मी मोटारीचं शास्त्र विचारायचो आणि त्यांना ते सांगायला आवडायचं. "जळकं तेल म्हनजे एक वास न्हाई, वकीलसाब. तेल आत जळलं तर मागून निळा धूर निघतो. भाईर धुराच्या नळीवर टपकून जळलं तर धूर दिसत न्हाई, वास पायाखालून येतो, अन् गाडी उभी केली की ज्यास्ती येतो. तार जळली की नाकात टोचतं. क्लचची पट्टी जळली की लोकर जळाल्यावानी येतं. एवढं वळखलं की निम्मी दुरुस्ती झाली. पोरं आधी इंजन उघडत्यात. अरे, पोट फाडून मग दुखतंय कुठं ते इचारायचं का?"

जेवणाचीही तीच तऱ्हा. फोडणी म्हणून खायचे नाहीत. ज्वारीची भाकर, दूध, मीठ, कांदासुद्धा नाही. फोडणीचा वास संध्याकाळपर्यंत नाकात बसतो म्हणे. माझ्या बायकोला या माणसाची फार कणव. गाडी दुरुस्तीला गेली की ती बिनफोडणीच्या वरणाचा डबा पाठवायची. मिस्त्री डबा उघडून आधी हुंगायचे आणि सांगायचे, "वैनी, हिंगाच्या पळीनं वाढलंत." ती कपाळाला हात लावायची. पळी खरंच तीच असायची.

त्यांचं नाक काय चीज होती ते एकदाच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. सेलूच्या एका व्यापाऱ्याची लॉरी कापसाच्या गाठी भरून निघाली होती. जळकं तेल येतंय म्हणून ड्रायव्हरनं ती जिंतूर रोडला आणली. त्याच दिवशी मी तिथं बसलेलो. मिस्त्रींनी फेरी मारली, घोंगड्यात तोंड घातलं, पुन्हा फेरी मारली आणि मागच्या फळीजवळ थांबून ओरडले, "गाठी खाली टाका! सगळ्या! ह्ये तेल न्हाई, कापूस हाय!" व्यापाऱ्याचा माणूस हुज्जत घालू लागला. धूर नाही, चटका नाही, वरून हात लावला तर गाठी थंडगार. मिस्त्री स्वतः वर चढले आणि एकेक गाठ हुंगत तिसऱ्या थरातली एक लाथेनं खाली लोटली. पोलादी पट्ट्या तोडल्या, तर आतला कापूस निखाऱ्यासारखा लाल होता. गाठ बाहेरून पांढरी शुभ्र आणि आतून किती तरी दिवस जळत आलेली. सगळे वाहवा करू लागले. मिस्त्री मात्र त्या गाठीकडं बघत बसले. मग कुणाला उद्देशून नाही, असंच म्हणाले, "आसं बी ऱ्हातं जळत."

मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. मला बऱ्याच गोष्टींत तेव्हा काही वाटत नसे.

आता माझ्या गाडीचं सांगतो. काळी, चार दारांची विलायती मोटार. जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली. पाथरी, सेलू, जिथं अदालत तिथं एसटीच्या वेळेवर नाचायचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर मोटारवाला वकील म्हणवून घ्यायची हौस होती. गाडी दिसायला देखणी. डाव्या मागच्या दाराची मूठ तेवढी पितळी होती, बाकी तीन पांढऱ्या. पण चार मैल गेलो की पायाखालून जळक्या तेलाचा वास यायचा. साधा नव्हे, गोडसर, चिकट, पोटात ढवळणारा. बायको पहिल्याच फेरीला म्हणाली, "अगंबाई, हा तर एरंडेलाचा वास! लहानपणी दर रविवारी सकाळी आई नाक दाबून पाजायची. मी नाही बसत तुमच्या या जुलाबाच्या गाडीत!" आणि खरंच बसायची नाही. गावातल्या दोघा मिस्त्र्यांना दाखवली. एक म्हणाला रिंगा गेल्या, दुसरा म्हणाला इंजनच बदला.

तिसऱ्या दिवशी जिंतूर रोडनं चाललो होतो. एका लॉरीखाली झोपलेला माणूस धडपडत बाहेर आला आणि अनवाणी माझ्या गाडीमागं धावू लागला. मी थांबवली. ते मिस्त्री होते, तोवर मी त्यांना ऐकूनच ओळखत होतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बानेटवर दोन्ही तळवे टेकले, तोंड फटीजवळ नेलं आणि डोळे मिटून उभे राहिले. बानेट तापलेलं होतं, हात भाजत असणार. मागं बैलगाड्या खोळंबल्या, गाडीवान शिव्या द्यायला लागले, तरी हा माणूस हलेना.

"काय झालंय गाडीला?" मी विचारलं.

"कुठून आनली?"

"जालन्याहून. पण झालंय काय?"

ते वळून डाव्या मागच्या दाराशी गेले आणि त्या पितळी मुठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "इंजन चांगलं हाय. एरंडेल घातलेलं हाय कुनी तरी. लढाईच्या दिसांत आईल मिळत नव्हतं, तवा घालायचे काही लोक. येड्यावानी. ते जळून चिकटतं, नळीवर बसतं. माज्याकडं देत जावा ही गाडी. दर म्हैन्याला देत जावा. दुसऱ्या कुनाकडं नका नेऊ."

मी दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी सकाळी जायची, संध्याकाळी यायची. इंजन असं चालायला लागलं की गाडी चालू आहे की बंद ते कळू नये. आणि या माणसानं माझ्याकडून कधी मजुरी घेतली नाही. "वास जाऊ द्या, मग घेतो." वास काही जाईना. "शोधायलोय," मिस्त्री म्हणायचे. "चिकट हाय. येळ लागंल."

दीड वर्ष! मी वकील, लोकांच्या साक्षीतल्या फटी शोधून पोट भरणारा, आणि मला दीड वर्ष एक साधी गोष्ट दिसली नाही. महिनाअखेरीस वास जवळजवळ गेलेला असायचा. रविवारी गाडी मिस्त्रींकडून आली की पुन्हा घमघमाट. दिसली ती बायकोला. "अहो, तो माणूस वास घालवतोय की घालतोय?" ती सहज बोलून गेली. मी हसलो, पण मनातून हादरलो.

पुढच्या रविवारी मी भर दुपारी, न सांगता, पायी शेडवर गेलो. दोन लॉरीवाले बाहेर खाटेवर बसलेले. माझी गाडी लिंबाखाली, बानेट उघडं, इंजन चालू. मिस्त्री वाकलेले. हातात एक निळी औषधाची कुपी. त्यांनी घोंगड्यातून उपटलेला लोकरीचा बोळा कुपीत बुडवला, अगदी टोकच, आणि तापलेल्या नळीवर एक रेघ ओढली. चर्र झालं. कुपीला बूच लावलं, ती छातीशी खिशात ठेवली. मग पुढचं दार उघडून ते ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसले. ड्रायव्हरची जागा रिकामी. डोळे मिटले.

माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, मला खुळा बनवला. गावात मोटारवाला वकील म्हणून मिरवतोय आणि एक मिस्त्री मला दर महिन्याला फसवतोय, का, तर गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून! मजुरी घेत नव्हते, ही गोष्ट त्या क्षणी मला आठवलीसुद्धा नाही. रागाला स्मरणशक्ती नसते.

माझ्या उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी वकिली शिकलो त्या बुजुर्ग वकिलांनी, मला एक नियम घालून दिला होता. जिरहेत, म्हणजे उलटतपासणीत, साक्षीदाराला 'का' असं कधी विचारायचं नाही. 'का' विचारलं की त्याला बोलायला मैदान मिळतं. हो किंवा नाही, एवढंच वदवून घ्यायचं आणि खाली बसायचं. मी दार उघडलं आणि त्या दोन लॉरीवाल्यांदेखत जिरह सुरू केली. तोवर मी त्यांना 'मिस्त्री, तुम्ही' म्हणत असे. त्या दिवशी 'तू'वर आलो. बापाच्या वयाचा माणूस.

"ही गाडी माझी आहे?"

"हाय."

"तुझ्या खिशात कुपी आहे? तिच्यात एरंडेल आहे?"

"हाय."

"ते आत्ता तू नळीला लावलंस?"

"लावलं."

"दर महिन्याला तूच लावतोस?"

"मीच."

"आणि दर महिन्याला मला सांगतोस की शोध चालू आहे?"

इथं त्यांनी छातीच्या खिशावर हात ठेवला. "व्हय," म्हणाले. "सांगतो."

नाकारलं नाही, सबब सांगितली नाही. फक्त माझ्याकडं बघत राहिले. साक्षीदार असा बघतो तेव्हा त्याला एक प्रश्न विचारलेला हवा असतो. आज कळतं. मी तो विचारला नाही. नियम होता ना! मी जिंकलो, गाडीत बसलो आणि निघून आलो. माझ्या उभ्या वकिलीत इतकी वाईट केस मी दुसरी जिंकलेली नाही.

दुसऱ्याच दिवशी गाडी नांदेडच्या एका गॅरेजात पाठवली. त्यांना सांगितलं, नळी नवी घाला, आणि इंजन आतून बाहेरून रॉकेलनं धुवा, खाली कॉस्टिक सोडा मारा, गाद्या काढून उन्हात टाका. गाडी आठ दिवसांनी आली ती नव्या नवरीसारखी. कसला म्हणून वास नाही. बायको पहिल्यांदा आनंदानं गाडीत बसली आणि आम्ही पाथरीपर्यंत जाऊन आलो.

ही सगळी फुशारकी मी मुन्शीजींना ऐकवली. मुन्शीजी म्हणजे माझे कारकून. आधी उस्तादांकडं होते. उस्ताद गेले, तेव्हा त्यांचं दफ्तर आणि मुन्शीजी दोन्ही माझ्याकडं आले. हा म्हातारा कधी मध्ये बोलायचा नाही. त्या दिवशीही त्यानं माझं बोलून होऊ दिलं. मग उठला, जुन्या कपाटातलं एक लाल फडकं सोडलं आणि एक उर्दू कागद माझ्यापुढं ठेवला.

"वकीलसाहेब, ही अर्जी मीच लिहिली होती. उस्तादांनी सांगितली, मी लिहिली. वाचा."

अर्जदार, मोटार मिस्त्री, राहणार परभणी. मुलाचं नाव खंडू, वय बावीस, एका साहेबांकडं ड्रायव्हर. पोलीस ॲक्शनच्या त्या गोंधळात साहेबांना बायकामुलांसह नांदेड स्टेशनवर पोचवायला काळी मोटार घेऊन गेला. साहेब रेल्वेत बसले, पुढं सुखरूप पोचले, तसं त्यांचं पत्र आहे. मोटार घेऊन परत निघालेला मुलगा घरी आला नाही. पुढं मोटारीचं वर्णन. रंग काळा. डाव्या मागच्या दाराची मूठ पितळी, बाकीच्या पांढऱ्या. आणि शेवटी, "मोटार तापल्यावर तिला जळक्या एरंडेलाचा वास येतो. ते तेल अर्जदाराच्या घरचं आहे. अर्जदार तो वास कुठंही ओळखील. मोटार सापडल्यास मुलाचा ठाव लागेल, म्हणून ही अर्जी." खाली कुठल्याशा अंमलदाराचा शेरा होता, की वासाची नोंद घेता येत नाही.

"पुढं?" मी विचारलं.

"गाडी सापडली. नांदेडच्या अलीकडं, एका चिंचेखाली, चारी दारं उघडी. पोरगा सापडला नाही. कुणी काय सांगायचं, कुणी काय. खरं कुणालाच माहीत नाही. गाडी ठाण्याच्या आवारात पडून होती, मग लिलावात गेली." मुन्शीजींनी चष्मा काढला. "ते तेल खंडूची आई घरी काढायची. त्याआधी, जर्मनच्या लढाईच्या दिवसांत इंजनला तेल मिळेना, तर पोरगा आईकडून चोरून न्यायचा आणि गाडीत घालायचा. मिस्त्री बोंबलायचे, इंजनची वाट लावलीस म्हणून. दोघं मायलेक हसायचे. ती पुढच्याच वर्षी गेली. मागं एक कुपी उरली होती म्हणतात, तिच्या हातच्या तेलाची."

"मुन्शीजी, ही माझीच गाडी आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"मूठ पाहिली तेव्हाच. पण मिस्त्रींनी शपथ घातली होती, सांगू नका म्हणून."

मी कागद हातात धरून बसून राहिलो. मला लाज वाटली. नुसती लाज नाही, आपण काहीतरी मारून टाकलं असं वाटलं. त्याच दिवशी माणूस नांदेडला पिटाळला, जुनी नळी परत आण म्हणून. नळी भंगारात गेली होती.

घरी बायकोला सांगितलं. ती रडली आणि मग माझ्यावर कडाडली, "मला एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी सहन केला असता हो तो वास! काय मोठं होतं त्यात? रोज बसले असते गाडीत!" तिनं फडताळातून मुलांसाठी आणून ठेवलेली एरंडेलाची बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. मला कळलं.

दुपारी मी गाडी चार मैल फिरवून आणली, नळी चांगली तापू दिली. जिंतूर रोडच्या वळणावर थांबून बानेट उघडलं आणि नळीवर एरंडेल ओतलं. बोट भाजलं. वास उठला, तोच, गोडसर, चिकट. मी शेडसमोर गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला नाही. नुसता बसून राहिलो.

मिस्त्री आत भाकरी थापत असावेत. दोन्ही हात पिठाचे, तसेच बाहेर आले, जवळजवळ धावत, त्या पहिल्या दिवसासारखे. चेहरा सगळा उघडला होता. ओठ हलले. मी बघितलं, त्यांनी मला पाहिलंच नव्हतं. ते काचेकडं बघत येत होते, तिच्यामागं दुसरंच कुणी बसलेलं असावं तसे.

तीन पावलांवर थांबले. पुन्हा एकदा श्वास घेतला. आणि चेहरा मिटला.

"वकीलसाब," ते हळूच म्हणाले, "ह्ये इकतचं हाय."

मी खाली उतरलो. "एरंडेलच आहे, मिस्त्री."

"एरंडेलच हाय. पन घान्याचं, कच्च्या बियांचं. खंडूची माय बिया भाजायची आधी, मग कुटायची, मग पान्यात उकळायची. लय येळा करपवायची. तिचं ध्यान सगळं बोलन्यात." ते थोडं हसले. "तो करपलेला वास ह्याला न्हाई."

"मिस्त्री, माझं चुकलं. फार चुकलं. पण तुम्ही मला का सांगितलं नाहीत?" शेवटी विचारलं मी 'का'. दहा-बारा दिवस उशिरा.

"तुमी इकून टाकली असती. ज्या गाडीचा डायवर असा गेला, ती गाडी लेकराबाळांच्या घरात कोन ठेवील?"

खरं होतं. मी विकली असती.

ते लिंबाच्या बुडाशी बसले, पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवून. "मेंढीचं कोकरू मेलं ना, वकीलसाब, की ती त्या जाग्यावर येती, हुंगती. कळप म्होरं गेला तरी मागं पळती. चार दिस, आठ दिस. मग एखादा पाऊस पडतो, वास जातो, अन् ती चरायला लागती. मुकं जनावर हाय, पन त्याला कळतं. मीच पाऊस पडू देत नव्हतो." त्यांनी खिशातून निळी कुपी काढून मला दाखवली. बुडाशी बोटभरही तेल नव्हतं. "तुमी धुऊन आनली, त्यात तुमची काय चूक? ह्ये तरी किती पुरलं असतं? दिवाळीपस्तोर. लय तर संक्रांत."

मला रडू आवरलं नाही. वकिलाला जिंतूर रोडवर, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. मिस्त्रींनी माझ्याकडं बघायचं टाळलं. ते उठले, बानेट उघडलं, खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि त्याच्या टोकानं नळीवरचं माझं तेल पुसायला लागले. ज्या घोंगड्यात ते नाक धुऊन घ्यायचे, त्याच घोंगड्यानं. मी म्हणालो, "राहू द्या हो, कशाला?"

"न्हाई," ते म्हणाले. "नसला तर नसू द्या. पन त्याच्या जाग्यावर दुसरा नको."

नळी स्वच्छ होईस्तोवर पुसली. मग मी म्हणालो, "बसा, एक चक्कर मारू." ते बसले, त्यांच्या जागेवर, ड्रायव्हरच्या शेजारी. मी गाडी चालवली. तासभर फिरलो. उतरताना त्यांनी त्या पितळी मुठीला हात लावला आणि आत भाकरी करायला गेले.

ती गाडी मी पुढं किती तरी वर्षं ठेवली. पोरं मोठी झाली, लोक म्हणाले नवी घ्या, पण विकायचा विषय मी घरात काढू दिला नाही. मिस्त्री असेपर्यंत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती जिंतूर रोडला जायची. ते ती मनापासून दुरुस्त करायचे, मजुरी चोख घ्यायचे, वैनींच्या वरणाला नावं ठेवायचे. इतर गाड्यांभोवती त्यांची फेरी तशीच चालू होती, डोळे मिटून, हात मागं बांधून, आणि कुणी घाई केली की ते ठरलेलं वाक्य.

माझी गाडी आली की मात्र ते थांबायचे नाहीत. सरळ पाना घेऊन यायचे.